जुन्या कड्यांत नवी झडप

हृदय हें चार दालनांचें घर आहे, आणि झडपा म्हणजे त्याचीं एकाच बाजूस उघडणारीं दारें. डाव्या बाजूच्या दोन दालनांमधील दारास दोन दलें असतात. म्हणून त्यास द्विदल झडप म्हणतात. हें दार नीट मिटेनासें झालें म्हणजे पुढें जावयाचें रक्त मागें फुप्फुसांकडे फिरतें आणि चार पायऱ्या चढतांच धाप लागते.

अशा वेळीं शल्यवैद्य छाती उघडून, होईल तों मूळ झडपच दुरुस्त करितात. फ्रान्समधील आलँ कार्पाँतिए यांनीं १९६८ च्या सुमारास रूढ केलेल्या पद्धतीनें दाराच्या चौकटीभोंवतीं एक कडें शिवून सैल झालेली चौकट आवळून घेतात. ही दुरुस्ती पुष्कळांना वर्षानुवर्षें पुरते. परंतु कांहींची झडप पुन्हां गळूं लागते, अथवा अरुंद होते. रोगी वृद्ध, मूत्रपिंडें दुबळीं, पहिल्या शस्त्रक्रियेच्या व्रणांनीं हृदय आंतून छातीस चिकटलेलें; अशा स्थितींत छाती पुन्हां उघडावी काय, हा प्रश्न साऱ्या घरापुढें उभा राहतो.

१६ एप्रिल २००२ रोजीं फ्रान्समधील रुआँ शहरीं आलँ क्रिबिए यांनीं छाती न उघडतां, नळीवाटें एका रोग्यास महारोहिणीची झडप बसविली. तीच युक्ति पुढें द्विदल झडपेच्याहि कामीं आली. मांडीच्या शिरेंतून नळी हृदयाच्या उजव्या दालनांत जाते आणि मधल्या पडद्यास लहानसें छिद्र पाडून डावीकडे उतरते. तिच्या टोंकाशीं फुग्यावर मिटून ठेवलेली नवी झडप असते. धातूची जाळी व तींत शिवलेलीं, गाईच्या हृदयावरणाचीं दलें. ती कड्याच्या मधोमध येतांच फुगा फुगवितात. त्या वेळीं ती ढळूं नये म्हणून हृदय क्षणभर अतिवेगानें चालवितात. त्यायोगें रक्ताचा लोट मंदावतो. जुनें कडेंच नव्या झडपेचा आधार होतें.

तथापि हा उपाय सर्वांस मानवतो असें नाहीं. कडें गोल नसल्यास कडेनें रक्त पाझरतें. जुनें दल पुढें ढकललें जाऊन महारोहिणीकडील वाट अडण्याचेंहि भय असतें, व तें प्राणावर बेतूं शकतें. म्हणून आधीं सीटी स्कॅननें सूक्ष्म मोजमाप घेतात. नवीं दलेंहि कालांतरानें झिजतात.

तेव्हां छाती उघडणें टळतें, एवढ्यावरच कुटुंबानें निर्णय करूं नये. कडें कोणत्या प्रकारचें व केवढें आहे, आणि रक्ताची वाट मोकळी राहील काय, हें वैद्यांस विचारावें. याकरितां पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवणें अगत्याचें आहे.