खडकवासल्याहून कॉलेज : घर, काम आणि तालीम यांचा मेळ कसा घालायचा?

बारावीनंतर आपल्या मुलामुलींचं शिक्षण तुटतं ते बहुतेक वेळा वेळेचं गणित न जमल्यामुळे. हुशारी कमी पडते म्हणून नव्हे. 2021 मध्ये खडकवासला पुणे महापालिकेत आलं, पण पूना कॉलेज किंवा आझम कॅम्पस आजही तिथून दोन बस लांब आहे. आम्ही शिक्षक म्हणून पालकांना सांगतो, प्रवेश घेण्याआधी कागद-पेन घेऊन बसा.

थांब्यावरचं थांबणं आणि स्वारगेटला बस बदलणं धरून एक फेरी दीड तासाची झाली, तर रोज तीन तास आणि आठवड्याचे अठरा तास रस्त्यात जातात. त्यात पानशेत बाजूच्या गावांतून येणाऱ्यांचा वेळ वेगळा. म्हणून कॉलेजच्या नावाआधी तासिकांची वेळ विचारा. सकाळचे वर्ग असतील तर फजरनंतर निघून दुपारी घरी येता येतं आणि संध्याकाळी दुकान किंवा शिकवणी सांभाळता येते.

हजेरीची अट साधारण 75 टक्के असते. म्हणजे शंभरातल्या पंचवीस तासिका हातात राहतात. त्या पहिल्या दोन महिन्यांत उडवू नका. आजारपण, घरचं लग्न, रमजानचे शेवटचे दिवस यासाठी राखून ठेवा.

कमाई गरजेची असेल तर पुणे विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' योजना आहे. कॉलेजमध्येच काम मिळालं तर कामासाठी वेगळा प्रवास लागत नाही. विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे सत्राच्या सुरुवातीलाच चौकशी करावी.

रोज जाणं शक्यच नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (स्थापना 1989) आहे. मान्यताप्राप्त मुक्त पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. मात्र एक अडचण लक्षात घ्या. संपर्कवर्ग बहुधा शनिवार-रविवारी असतात आणि चौपाटीवर कणसं, भजी विकणाऱ्या घरांचा धंदाही त्याच दिवशी. शिवाय सिंहगडला जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता तुंबतो. अभ्यासकेंद्र निवडताना वर्गांचे दिवस आधी विचारा.

मुलींसाठी एक गोष्ट अनेक घरांना माहीतच नसते. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्नमर्यादा वार्षिक 8 लाख. बागवान, तांबोळी, अत्तार ही घरं ओबीसीत येतात. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा.

शेवटचं घरासाठी. मुलगी पाच वाजता उठून कॉलेज करून आली की सगळा स्वयंपाक तिच्याच वाट्याला, आणि भावाने मात्र आराम करायचा, हे चालणार नाही. इल्म हासिल करणं दोघांवरही आहे, तेव्हा घरकामही दोघांत वाटा. अम्मी-अब्बूंनी एवढं केलं तरी पहिल्या वर्षी सुटणारी कितीतरी कॉलेजं वाचतील.