तिथी पाहून शीड उभारा

साताऱ्या-सांगलीची मंडळी घाट उतरून मालवणला निघतात, तेव्हा हॉटेल आधी ठरतं. भरतीची वेळ कोणी बघत नाही. शिडाच्या होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्याला वळसा घालायचा, तर आधी तिथी बघावी.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने कळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येऊन उधाण येतं. ओहोटीला एरवी बुडालेले खडक वर डोकावतात. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाण्याची ओढ सौम्य. नवख्यांनी हेच दिवस धरावेत.

मग वारा. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे मतलई वारा होडी बाहेर नेतो. जमीन तापली की खारा वारा किनाऱ्याकडे वाहतो, पण दुपारी तो जोर धरतो आणि लाटा उसळतात. तेव्हा परतीला उशीर नको. पावसाळ्यात तर बेतच नको.

निघण्याआधी भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरतीचे तक्ते आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज पाहावा. शेवटचा शब्द मात्र स्थानिक तांडेलाचा, म्हणजे होडीच्या म्होरक्याचा.