बंदी संपली, आता संघात घ्यायचं का?

आयपीएलच्या लिलावात पृथ्वी शॉला दिल्लीने अखेर मूळ किमतीला, 75 लाखांना घेतलं, आणि कट्ट्याकट्ट्यावर एकच प्रश्न सुरू झाला: पोरगं सुधारलं का? मोनॅकोने पॉल पोग्बाला घेतलं तेव्हाही फुटबॉलवेडे हेच विचारत होते. हा प्रश्न संघ निवडणाऱ्यांच्या काहीच कामाचा नाही. माणूस सुधारला की नाही हे घरच्यांनाही लवकर कळत नाही, तिथे निवड समितीला तासाभराच्या बैठकीत काय कळणार? शिक्षा भोगून आलेल्या खेळाडूला घेण्यात जोखीम असतेच, पण ती बहुतेक वेळा त्याच्या स्वभावात नसते. मैदानाबाहेर गेलेल्या महिन्यांत ती असते. त्या महिन्यांत तो कुठे सराव करत होता, कोणाच्या नजरेखाली होता, हे पाहिलं तर घ्यायचं की नाही याचं उत्तर बऱ्यापैकी सापडतं. मग बंदीचं कारण काय होतं, हा प्रश्न दुय्यम ठरतो. याला एक मोठा अपवाद आहे, त्याकडे पुढे येतो.

आधी शॉचीच 2019 ची बंदी नीट बघा, कारण तिच्याबद्दल आपल्याकडे फार ढोबळ बोललं जातं. 22 फेब्रुवारी 2019 ला इंदूरमध्ये मुश्ताक अली स्पर्धेदरम्यान त्याचा नमुना घेतला गेला. त्यात टर्ब्युटलिन सापडलं. खोकल्याच्या औषधांत सर्रास असणारा हा घटक. बंदी जाहीर झाली जुलैअखेर, आठ महिन्यांची, पण मोजायला सुरुवात केली 16 मार्चपासून. म्हणजे कागदोपत्री तो निलंबित होता त्याच काळात दिल्लीकडून अख्खी आयपीएल खेळला आणि कोलकात्याविरुद्ध 99 धावाही काढून गेला! नियामक मंडळाने ही आकडेमोड कितीही समजावून सांगितली तरी ती पटत नाही. पण या बंदीतली एक तरतूद मात्र शहाणपणाची होती. उत्तेजकविरोधी नियमांप्रमाणे बंदीचे शेवटचे दोन महिने किंवा शेवटचा चौथा हिस्सा, यातला जो काळ कमी असेल त्यात खेळाडूला संघाबरोबर सराव करता येतो. त्यामुळे सप्टेंबरच्या मध्यापासून शॉ नेटमध्ये होता. 15 नोव्हेंबरला मुदत संपली, दोन दिवसांत वानखेडेवर आसामविरुद्ध 39 चेंडूंत 63, आणि डिसेंबरात बडोद्याविरुद्ध रणजीत द्विशतक. याच टर्ब्युटलिनच्या प्रकरणात 2017 साली पुण्याच्या डीएसके शिवाजियन्सचा गोलरक्षक सुब्रत पाल सापडला होता. नाव खराब झालेलं असतानाही जमशेदपूरने त्याला त्याच वर्षी घेतलं आणि मोसमाअखेर आयएसएलचा सर्वोत्तम गोलरक्षक तोच ठरला.

युरोपच्या फुटबॉलमध्ये ही गोष्ट आणखी स्वच्छ दिसते. सँड्रो टोनालीला न्यूकॅसलने 2023 च्या उन्हाळ्यात मोठी रक्कम मोजून आणलं आणि ऑक्टोबरात सट्टेबाजीच्या प्रकरणात त्याच्यावर बंदी आली. इटालियन महासंघाने दिलेली शिक्षा आपल्या प्रत्येक क्रीडा संघटनेने मुळातून अभ्यासावी अशी आहे. शिक्षा एकूण अठरा महिन्यांची. त्यातले दहा महिने खेळायला मनाई आणि उरलेल्या आठ महिन्यांच्या बदल्यात जुगाराच्या व्यसनावर उपचार, शिवाय तरुण खेळाडूंपुढे सोळा वेळा उभं राहून आपली कर्मकहाणी सांगायची. सराव मात्र पूर्ण काळ क्लबबरोबर. सामन्याच्या दिवशी घरी आणि एरवी रोज मैदानात, असं त्याचं ते वर्ष गेलं. ऑगस्ट 2024 मध्ये तो परतला आणि मार्च 2025 मध्ये वेम्बलीवर लिव्हरपूलला हरवून न्यूकॅसलने लीग कप जिंकला तेव्हा मधल्या फळीत तोच होता. इंग्लंडमधली मोठी स्पर्धा जिंकायला या क्लबला सत्तर वर्षं लागली होती. ब्रेंटफर्डच्या आयव्हन टोनीचं तेच. सट्ट्याचे 232 नियमभंग, आठ महिन्यांची बंदी, पण शेवटचे चार महिने सरावाची मुभा, आणि जानेवारी 2024 मध्ये परतल्यावर पहिल्याच सामन्यात गोल. सुआरेझने 2014 च्या विश्वचषकात किएलिनीला चावा घेतला तेव्हा त्याला चार महिने फुटबॉलच्या आसपासही फिरकायची बंदी होती. क्रीडा लवादाने बंदी तशीच ठेवली, फक्त सरावाला परवानगी दिली. बार्सिलोनाने त्याला बंदीतच करारबद्ध केलं होतं आणि त्या मोसमात तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या.

आता पोग्बा. शेवटचा सामना सप्टेंबर 2023 मध्ये. उत्तेजकासाठी चार वर्षांची बंदी, लवादाने ती अठरा महिन्यांवर आणली. जानेवारी 2025 पासून सराव करायची मोकळीक होती, पण करायचा कोणाबरोबर? युव्हेंटसने नोव्हेंबरातच करार संपवला होता. मोनॅकोने त्याला जून 2025 मध्ये घेतलं आणि तो मैदानात उतरला 22 नोव्हेंबरला, शेवटच्या पाचेक मिनिटांसाठी. सव्वादोन वर्षांत किती खेळ गंजतो त्याचा हा हिशेब. टोनालीची चूक लहान आणि पोग्बाची मोठी, असं म्हणून हा फरक उलगडत नाही. एकाच्या मागे क्लब उभा होता आणि दुसऱ्याच्या मागे कोणी नव्हतं.

आता तो अपवाद. उत्तेजक, शिवीगाळ, चावा, अगदी सट्टाही एकवेळ समजू, पण सामन्याचाच सौदा? काटेवाडीच्या वाचकाला हे प्रकरण दूरचं वाटायचं कारण नाही. 2010 मध्ये लॉर्ड्सवर पाकिस्तानी गोलंदाजांनी ठरवून नो-बॉल टाकले तेव्हा आयसीसीच्या अध्यक्षपदी याच गावचे शरद पवार होते. फेब्रुवारी 2011 मध्ये लवादाने मोहम्मद आमिरला पाच वर्षं बाहेर बसवलं. तो परत येणार म्हटल्यावर मोहम्मद हफीझ आणि अझर अली यांनी त्याच्याबरोबर सराव शिबिरात उतरायला नकार दिला. ही नाराजी खोटी नव्हती. पुढे 2017 च्या चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात त्याने रोहित, कोहली आणि धवन यांना उडवलं, ते आपण विसरलेलो नाही. म्हणजे खेळाच्या हिशेबात आमिरलाही घेणं पाकिस्तानला फायद्याचंच ठरलं. तरीही माझं मत बदलत नाही. सामना विकल्याचं सिद्ध झालेल्या खेळाडूला पुन्हा संघात घेऊ नये. तो पुन्हा विकेल म्हणून नव्हे. त्याच्या प्रत्येक नो-बॉलवर प्रेक्षक शेजाऱ्याकडे बघतो, आणि त्या संशयाची किंमत उरलेले दहाजण भरतात. आमिर तेव्हा अठरा वर्षांचा होता, त्याच्यापुरतं मन थोडं मऊ होतं, इतकंच. सौद्याच्याच आरोपात अडकलेले श्रीशांत आणि आपला अंकित चव्हाण यांची गोष्ट वेगळी म्हणावी लागते. फौजदारी न्यायालयाने 2015 मध्ये त्यांना आरोपमुक्त केलं होतं, मंडळाची आजीवन बंदी मात्र वर्षानुवर्षं तशीच राहिली आणि शेवटी सात वर्षांची झाली. तोवर घ्यायचं की नाही या चर्चेतला अर्थच संपला होता. केरळने श्रीशांतला 2021 मध्ये घेतलं तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. ज्याने गोळी घेतली नाही, पंचावर हात उचलला नाही, त्या सरळमार्गी पोराची जागा या परतलेल्या नावाने का खावी? याला भावनिक उत्तर देऊन चालणार नाही. मुंबईने 2019 मध्ये शॉला बंदी संपताच थेट अकरात घेतलं, ते मला चूकच वाटतं, धावा झाल्या म्हणून ती चूक धुतली जात नाही. आमिरला मात्र मुदतीआधी काही महिने पाकिस्तानच्या देशांतर्गत दुसऱ्या श्रेणीत खेळू दिलं होतं, म्हणजे तो खालून वर आला. रांग मोडायची नाही, एवढीच अट असावी. करारातली रक्कमही नावाला न देता खेळलेल्या सामन्यांना बांधावी.

आणि जिथे बंदीच नसते, तिथे काय? मुंबईने ऑक्टोबर 2024 मध्ये फिटनेस आणि शिस्तीच्या कारणावरून शॉला रणजी संघातून काढलं. ही बंदी नव्हती, त्यामुळे तिला शेवटची तारीखही नव्हती. महिन्याभरात आयपीएलच्या लिलावातही त्याला कोणी घेतलं नाही. महाराष्ट्राने 2025 मध्ये त्याला आणलं, केरळविरुद्ध पहिल्या डावात शून्य, दुसऱ्या डावात 75, आणि पुढे चंदीगडविरुद्ध 156 चेंडूंत 222. ही निवड मला 2019 पेक्षा प्रामाणिक वाटते, कारण मोसमाच्या आधीच हाताशी आल्यामुळे त्याला तयारीला वेळ मिळाला.

कुस्तीत तर सगळाच सावळागोंधळ. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली आणि महेंद्र गायकवाडने अंतिम लढत अर्धवट सोडली. दोघांना तीन-तीन वर्षांचं निलंबन जाहीर झालं. पण राज्यात संघटना दोन, केसरीही दोन, दोन महिन्यांच्या आत दुसरी स्पर्धा कर्जतला झाली. एकीने घातलेली बंदी दुसरीने पाळायची का, आणि गावच्या यात्रेतल्या मैदानाला ती लागू होते का, हे पैलवानाला नेमकं कोण सांगणार?

बारामती-इंदापुरातल्या यात्रा कमिट्या आणि टेनिस बॉल स्पर्धांचे आयोजकही भांडण झालं की खेळाडूंना बाहेर काढतात. बहुतेक वेळा तोंडी, बहुतेक वेळा रागाच्या भरात. त्यांना एवढंच सांगणं आहे: बंदी घालाच, पण लेखी घाला, तिच्यावर संपायची तारीख लिहा, आणि त्या काळात त्याला सकाळच्या सरावाला यायची परवानगी आहे, हेही त्याच कागदावर लिहा.