काळजाचा ठोका चुकतो तेव्हा

मराठी भाषेने भीतीचे घर छातीत बांधले आहे. आपल्याला धडकी भरते, छातीत धस्स होते, ऊर धडधडतो आणि काळजाचा ठोका चुकतो. भय वाटले की हृदय धडधडते, हे या वाक्प्रचारांमुळे लहान मुलासही ठाऊक असते. परंतु हृदय धडधडले की त्याचेच भय वाटते आणि त्या भयाने ते अधिक धडधडू लागते, हे उलटे नाते फार थोड्यांच्या ध्यानी येते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडील कित्येक घरांतून एखादी गृहिणी किंवा एखादा निवृत्त गृहस्थ या फेऱ्यात सापडलेला असतो. तपासण्या निर्दोष असतात, तरी मनाची धास्ती जात नाही. अशा कुटुंबांसाठी या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करावा, असे आम्हांस वाटले.

प्रथम शरीरात काय घडते ते पाहू. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर हृदय दिवसाकाठी एक लाखाहून अधिक वेळा आकुंचन पावते. त्यांतील एखादा ठोका ठरल्या वेळेआधीच पडतो. हृदय तोवर पुरते भरलेले नसते. म्हणून तो ठोका दुबळा असतो व पुष्कळदा जाणवतही नाही. त्यानंतर किंचित लांब विसावा येतो, त्या अवधीत हृदय नेहमीपेक्षा अधिक भरते आणि पुढचा ठोका जोराने आदळतो. वेळेआधी सुटलेली एस.टी. निम्मी रिकामी जावी आणि मागच्या गाडीला दुप्पट गर्दी व्हावी, तसाच हा प्रकार. आपण म्हणतो ठोका चुकला; वस्तुतः तो आधीच येऊन गेलेला असतो. रात्री डाव्या कुशीवर निजले असता, घर शांत असता, तो अधिक स्पष्ट जाणवतो.

अमेरिकन शास्त्रज्ञ नॉर्मन होल्टर यांनी हिंडत्याफिरत्या माणसाच्या हृदयाचा आलेख घेणारे यंत्र तयार केले व १९६१ साली त्याविषयी लेख प्रसिद्ध केला. अशा यंत्राने दिवसभराचा आलेख घेतला असता निरोगी माणसांतही असे अवेळी ठोके सर्रास आढळतात. अहवालातील ‘एक्टोपिक’ किंवा ‘व्ही.पी.सी.’ ही अक्षरे घरी बसून वाचली की छाती दडपते. पण हृदयाची रचना निर्दोष असेल आणि असे ठोके मोजके असतील, तर डॉक्टर बहुधा त्यांवर औषधही देत नाहीत.

ही धास्ती आजची नव्हे. अमेरिकेतील यादवी युद्धात धडधड व थकवा यांनी बेजार झालेल्या सैनिकांचा अभ्यास करून डॉ. जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये ‘चिडखोर हृदया’चे वर्णन केले. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील डॉ. थॉमस लुईस यांच्यापुढे असेच शेकडो सैनिक आले. त्यांतील बहुतेकांच्या हृदयात रोग सापडेना. लुईस यांनी त्यांना अंथरुणाला खिळवून न ठेवता हळूहळू वाढत जाणारी कवायत दिली आणि अनेकांना पुन्हा उभे केले. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असलेल्या बेळगावच्या वाचकांना यातील बोध सहज पटावा : घाबरलेले हृदय विश्रांतीपेक्षा बेताच्या श्रमाने अधिक लवकर स्थिरावते.

धडधडीची काही कारणे मात्र आपल्या अंगणातली आहेत. निपाणी म्हणजे तंबाखूची पेठ. विडी ओढणे, तंबाखू चघळणे आणि बायकांनी सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणे हे या भागात रूढ आहे. दात घासण्याच्या निमित्ताने हिरड्यांवाटे निकोटिन रक्तात जाते व नाडी जलद होते. ओल्या पानांच्या संपर्काने ते त्वचेतूनही शिरते. त्यात दिवसाचे सहा-सात कप चहा, अपुरी झोप आणि उपवास. रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, ताप, दम्याची व सर्दीची काही औषधे यांनीही धडधड वाढते. म्हणून एकदा नीट तपासणी करून घ्यावी. हृदयालेख, हिमोग्लोबिन, थायरॉइडची चाचणी आणि डॉक्टरांना आवश्यक वाटल्यास इकोकार्डिओग्राम एवढे बहुधा पुरते.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. धडधडीबरोबर शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, धाप लागणे. श्रम करीत असतानाच धडधड सुरू होणे. नाडी अतिशय वेगाने धावत राहून न थांबणे. पूर्वीचा हृदयविकार किंवा घराण्यात तरुणपणी अकस्मात मृत्यू. यांपैकी काहीही असल्यास ‘मनाचे खेळ’ म्हणून घरी बसू नये. सीमेच्या अलीकडे व पलीकडे, दोन्ही राज्यांत रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ हाच आहे.

तपासणी निर्दोष ठरल्यावर खरी कसोटी सुरू होते. धास्तावलेला माणूस दर घटकेला मनगट चाचपतो. जिना चढणे सोडतो, जोतिबाच्या डोंगराला जाणे टाळतो, लग्नकार्यात मांडवाच्या दाराशीच बसतो, एकटा प्रवास करीत नाही. बेळगावच्या डॉक्टरांनी धीर दिला की कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे जातो. हृदय धडधाकट असूनही आयुष्य आकसत जाते. दुखण्यापेक्षा ही हानी मोठी.

यावर उपाय साधे आहेत, पण ते नेमाने करावे लागतात. ठोका जाणवला की हातातले काम सोडू नये; पीठ मळत असाल तर मळतच राहावे. श्वास सावकाश घ्यावा व त्याहून सावकाश सोडावा. मिनिटाला सहा-सात श्वास, असे पाच मिनिटे. नाडी पाहण्याची सवय प्रयत्नपूर्वक कमी करावी. मिश्री व विडी सोडावी, चहा निम्म्यावर आणावा. रोज अर्धा तास चालावे आणि टाळलेली कामे, सोपी आधी व अवघड नंतर, पुन्हा हाती घ्यावीत. एवढ्यानेही धास्ती हटली नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा मानू नये. विचार व वर्तन यांना वळण देणारी उपचारपद्धती येथे गुणकारी ठरते.

घरच्यांचेही एक कर्तव्य आहे. ‘आई, आता कसे वाटते?’ असे दहादा विचारल्याने आईचे लक्ष दहादा छातीकडे वळते. ‘उगीच नाटक करते’ असे म्हणणे तर सर्वस्वी अन्यायाचे, कारण ठोका खरा असतो आणि भीतीही खरी असते. एकदा शांतपणे ऐकून घ्यावे, डॉक्टरांचे मत एकदा आठवून द्यावे आणि मग ‘चला, बाजारातून भाजी घेऊन येऊ’ म्हणून त्यांच्याबरोबर बाहेर पडावे. अवेळी ठोका कदाचित वाटेतही पडेल, पडू द्यावा. त्याच्यासाठी पाऊल थांबवू नये.