कापूस लपत नाही!

सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस विकायचा तर तेलंगणातल्या कापूसबहुल आदिलाबादच्या शेतकऱ्याला २०२५च्या हंगामापासून आधी 'कपास किसान' अॅपवर आधारसह नोंदणी करावी लागते. म्हणजे कापसाबरोबर माहितीही जमा होते, आणि ती कुलपात ठेवायची असते.

समजा, अशा एखाद्या यादीतला 'पीक' हा रकाना एन्क्रिप्ट केला, पण ईसीबी या सगळ्यात सोप्या पद्धतीने. तिच्यात एका शब्दाची दरवेळी तीच अगम्य अक्षरं निघतात. आदिलाबादच्या यादीत जी अक्षरं सर्वांत जास्त वेळा दिसतील ती कापसाची, दुसरं काय! किल्ली लागतेच कशाला? हसू नका. अॅडोबी या सॉफ्टवेअर कंपनीने ग्राहकांचे पासवर्ड असेच ठेवले होते. २०१३मध्ये यादी फुटली, किल्ली नाही. तरी '१२३४५६' हा सुमारे १९ लाख खात्यांचा पासवर्ड असल्याचं कळलंच, कारण पासवर्ड आठवायच्या खुणा शेजारीच साध्या अक्षरांत होत्या.

मग आधार क्रमांकाचा हॅश, म्हणजे त्यावरून काढलेला ठरावीक ठसा, करून ठेवला तर? हॅश उलटा फिरवता येत नाही, खरं आहे. पण आधारचे आकडे १२. पहिला ० किंवा १ नसतो, शेवटचा आधीच्या अकरांवरून ठरतो. (ही युक्ती डच गणिती व्हेरहूफ यांची, १९६९ची. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, की चूक हमखास पकडली जाते.) उरल्या ८ हजार कोटी शक्यता. साधा हॅश असेल तर त्या सगळ्यांचे हॅश काढून जुळवून पाहणं हे गेमसाठीच्या चांगल्या ग्राफिक्स कार्डाला काही सेकंदांचं काम! म्हणूनच आधार देणाऱ्या यूआयडीएआय या प्राधिकरणाने २०१७मध्ये फर्मावलं की क्रमांक वेगळ्या एन्क्रिप्टेड तिजोरीत, किल्ली खास हार्डवेअरमध्ये, आणि बाकी ठिकाणी फक्त संदर्भ क्रमांक.

सगळ्यात बेरकी चोरी मात्र किल्लीला हातही न लावता होते. आपला एन्क्रिप्टेड खाते क्रमांक उचलून दुसऱ्या शेतकऱ्याच्या ओळीत चिकटवायचा. सॉफ्टवेअर तो निमूट उलगडतं आणि कापसाचे पैसे भलत्याच खात्यात! हे टाळायला मजकूर त्याच्या ओळीशी बांधावा लागतो. जीसीएम पद्धतीत तशी सोय आहे, पण तिचा एक हट्ट असतो. दरवेळी 'नॉन्स' नावाचा नवा आकडा हवा. एका किल्लीवर तो दोनदा वापरला, की गुपितं उघडी पडू लागतात, शिवाय बनावट नोंदीही घुसवता येतात.

या पद्धती ज्यावर चालतात ते एईएस हे एन्क्रिप्शनचं कुलूप २००१पासून प्रमाण आहे आणि आजवर कुणी फोडलेलं नाही, पण वरच्या चोऱ्या कुलूप न फोडताच होतात, त्यामुळे 'आमच्याकडे एईएस आहे' हे ऐकून हुरळू नका. शेतकऱ्यांच्या सोसायटीसाठी सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला विचारा, किल्ली कुठे ठेवता आणि नॉन्स कसा काढता?