जुन्या वाड्याची फरशी आणि लाकूड



भाजलेली फरशी : लाल रंग मातीतल्या लोहाचा. सच्छिद्र, म्हणून तेल, हळद, चहा लगेच पिते.

लोणा : ओलीबरोबर वर आलेले क्षार पाणी उडाल्यावर पांढरी पूड होऊन बसतात. कोरड्या ब्रशने झाडावेत. धुतले तर विरघळून पुन्हा आत मुरतात.

सांधे : चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो आणि ओलीला वाट देतो. कडक सिमेंट ती कोंडते. मग सांधा शाबूत राहतो आणि फरशीचेच पापुद्रे सुटतात. रंग जुन्याशी जुळवायला चुन्यात विटांची पूड, म्हणजे सुरखी.

सागवान : उन्हापावसाने राखाडी पडते, पण तो थर वरवरचा. बारीक पॉलिश पेपर रेषांच्या दिशेने फिरवला की खालून सोनेरी तपकिरी लाकूड उजळते.

चपडा लाख : लाखेच्या किड्यांच्या स्रावापासून. स्पिरिटमध्ये विरघळते. गरम पेला ठेवला की पांढरे वर्तुळ उमटते.

जवसाचे तेल : लाकडात मुरते, सुकायला वेळ घेते. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवाव्यात.