दिलेले रक्त आणि राज्याचे देणे

शिवजयंती किंवा गणेशोत्सव जवळ आला की आपल्या बेळगाव-निपाणी भागातील तरुण मंडळे रक्तदानाची शिबिरे भरवितात. रक्त देणाऱ्याचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. परंतु ते रक्त ज्याच्या शरीरात जाते त्याचा विचार आपण सहसा करीत नाही. रुग्णशय्येवर पडलेला मनुष्य पिशवीतील रक्त स्वतः पारखून घेऊ शकत नाही. ते निर्दोष आहे, हा विश्वास तो डॉक्टरांवर, रक्तपेढीवर आणि अंती त्या पेढीला परवाना देणाऱ्या शासनावर टाकीत असतो. हा विश्वास फोल ठरला आणि जीव वाचविण्यासाठी दिलेल्या रक्तानेच रोग दिला, तर त्या रुग्णाविषयी शासनाचे कर्तव्य काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

प्रथम रोग रक्तातून कसा जातो ते पाहू. दात्याचे रक्त जसेच्या तसे रुग्णास देतातच असे नाही. त्यातील तांबड्या पेशी, रक्तबिंबिका आणि रक्तद्रव असे भाग वेगळे करता येतात. थॅलेसेमिया हा आनुवंशिक विकार असलेल्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी तांबड्या पेशी द्याव्या लागतात. हिमोफिलियाच्या रुग्णाचे रक्त गोठत नाही, म्हणून त्यास रक्तद्रवातून काढलेला गोठणघटक द्यावा लागतो. हा घटक तयार करताना हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र करीत असत. विहिरीत एक घागर दूषित पाणी पडले तर सगळी विहीर नासते, त्याप्रमाणे एका दात्याचा रोग शेकडो रुग्णांपर्यंत पोचू शके. एचआयव्ही आणि यकृतास सूज आणणारे ‘ब’ व ‘क’ कावीळ-विषाणू हे या मार्गाने पसरलेले मुख्य रोगजंतू होत.

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली मद्रास येथे झाली. त्या काळी शासनाचे पहिले उत्तर भीतीचे होते. त्याचे उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्यातच घडले. म्हापसे हे गाव आमच्यासारख्या कोकणी बोलणाऱ्या घरांना परके नाही. तेथील परिसरात राहणारे डॉमिनिक डिसोझा हे नियमाने रक्तदान करणारे तरुण गृहस्थ. त्यांनी दिलेल्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्हीची लागण आढळली. ती कशी झाली हा येथे प्रश्नच नाही. पुढे शासन कसे वागले, हा प्रश्न आहे. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा व्यक्तीस वेगळे ठेवण्याची तरतूद होती. तिच्या आधारे १९८९ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्यांना नेले आणि क्षयरोग्यांसाठी पूर्वी वापरात असलेल्या एका इमारतीत ६४ दिवस एकटे कोंडून ठेवले. त्यांच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने त्यांना घरी जाऊ दिले. परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिलेल्या निर्णयात ती तरतूद वैध ठरविली. डिसोझा १९९२ मध्ये वारले. त्यांनी सहकाऱ्यांसह उभी केलेली ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था मात्र गोव्यात रुग्णांच्या बाजूने उभी राहिली.

भीतीनंतर नियम आले. रक्तपेढ्यांत एचआयव्हीची तपासणी १९८९ मध्ये आवश्यक करण्यात आली. तरीही मोठ्या शहरांत पैशासाठी रक्त विकणारे गरीब लोक आणि विनापरवाना चालणाऱ्या पेढ्या हा धोका शिल्लक होता. ‘कॉमन कॉज’ या संस्थेने दाखल केलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निर्णय दिला. सर्व पेढ्यांना परवाना असलाच पाहिजे, रक्तविक्रीची पद्धत दोन वर्षांत बंद झाली पाहिजे आणि देखरेखीसाठी राष्ट्रीय व राज्य रक्तसंक्रमण परिषदा स्थापन झाल्या पाहिजेत, असे आदेश त्यात होते. कावीळ ‘क’ची तपासणी २००१ मध्ये सक्तीची झाली. आज प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ‘ब’, कावीळ ‘क’, उपदंश आणि हिवताप अशा पाच रोगांसाठी तपासणी करावी लागते.

मग लागण पुरती थांबली काय? नाही. रोगजंतू शरीरात शिरल्यावर काही काळ नेहमीच्या तपासणीत त्याचा सुगावा लागत नाही. या काळात दिलेले रक्त निर्दोष भासते. जंतूच्या गुणसूत्रद्रव्याचाच शोध घेणारी अधिक सूक्ष्म चाचणी हा काळ पुष्कळ कमी करते. परंतु ती देशातील सर्व रक्तपेढ्यांत होत नाही. ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१६ या काळात रक्त घेतल्यामुळे एचआयव्हीची लागण झाल्याचे २,२३४ व्यक्तींनी सांगितल्याची नोंद माहितीच्या अधिकाराखाली उघड झाली. हे आकडे रुग्णांनी स्वतः दिलेल्या माहितीवर आधारलेले होते आणि प्रत्येकाची पडताळणी झालेली नव्हती, हे खरे. तथापि ते दुर्लक्षिण्याजोगे नव्हते.

रुग्णांसाठी काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. एचआयव्हीवरील औषधे १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून विनामूल्य मिळू लागली आणि पहिल्या राज्यांत महाराष्ट्र व कर्नाटक ही दोन्ही होती. रुग्णांच्या हक्कांचा २०१७ चा केंद्रीय कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. लागण झालेल्यास वेगळे कोंडणे हा आता भेदभाव मानला जातो. ज्या कारणाने १९८९ मध्ये डिसोझांना डांबले, तेच आज कायद्याने निषिद्ध आहे. निपाणीचा रुग्ण कोल्हापुरास जावो, बेळगावचा रुग्ण मिरजेस किंवा गोव्यास जावो, हे संरक्षण सीमेच्या दोन्ही अंगांस सारखेच आहे.

उणीव आहे ती भरपाईच्या बाबतीत. रक्तातून लागण झालेल्यांसाठी या कायद्यात कोणतीही ठरलेली भरपाई-योजना नाही. त्यामुळे ज्याला लढता येते त्याला काही मिळते आणि ज्याला येत नाही तो दयेवर राहतो. वायुदलातील एका जवानास २००२ मध्ये जम्मूकडील सांबा येथील लष्करी रुग्णालयात रक्त दिले गेले. त्यातून लागण झाल्याचे २०१४ मध्ये कळले. कागदपत्रे मिळविण्यासाठीही त्यास झगडावे लागले. अखेर २६ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भूदल व वायुदल यांना जबाबदार धरून सुमारे १ कोटी ५४ लाख रुपये भरपाई दिली. याउलट झारखंडमधील चाईबासा येथे थॅलेसेमियाच्या पाच मुलांना लागण झाल्याचे ऑक्टोबर २०२५ मध्ये उघडकीस आले, तेव्हा काही अधिकारी निलंबित झाले आणि प्रत्येक कुटुंबास २ लाख रुपये जाहीर झाले. दूषित रक्ताने झालेली हानी तीच. परंतु एकीकडे न्याय, दुसरीकडे मदत. या दोन शब्दांतील अंतर मोठे आहे.

हा प्रश्न केवळ आपल्या देशाचा नव्हे. ब्रिटनमध्ये १९७० नंतरच्या दोन दशकांत ३०,००० हून अधिक लोकांना दूषित रक्त व गोठणघटक यांमुळे लागण झाली आणि सुमारे ३,००० मृत्यू पावले. तेथील ट्रेलोर या विद्यालयात हिमोफिलियाची मुले शिकत. १९७० ते १९८७ या काळातील अशा १२२ विद्यार्थ्यांपैकी जेमतेम ३० हयात राहिले. शासनाने कित्येक वर्षे दोष नाकारला. न्यायमूर्ती सर ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशीचा अहवाल २० मे २०२४ रोजी आला. हे टाळता आले असते आणि सत्य लपविले गेले, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. त्याच दिवशी पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली आणि पुढे भरपाईसाठी ११.८ अब्ज पौंडांची तरतूद झाली. क्षमा आली, पैसाही आला. पण ज्यांच्यासाठी यावयाचा त्यांतील अनेक जण तोपर्यंत उरले नव्हते.

आमच्या मते यातून घ्यावयाचा बोध सरळ आहे. परवाना देणारे शासन रक्ताच्या निर्दोषतेची हमी देत असते. ती हमी मोडली तर रुग्णास द्यावयाची भरपाई ही खैरात नव्हे, ते राज्यावरील ऋण आहे. ऋण फेडण्यासाठी धनकोस दहा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढावयास लावू नये. उपचार, भरपाई आणि चौकशी यांचे नियम दुर्घटनेपूर्वीच ठरलेले असावेत.

विद्यार्थी मित्रांनी आणि त्यांच्या पालकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. रक्ताच्या प्रत्येक पिशवीवर पेढीचे नाव व क्रमांक असतो. घरातील कोणास रक्त दिले गेले तर तो क्रमांक आणि रुग्णालयाचे कागद जपून ठेवावे. जवानाच्या खटल्यात कागदांचे मोल दिसलेच आहे. दुसरी गोष्ट तुमच्यासाठी. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर तुम्ही शिबिरात जाल, तेव्हा तेथे विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे संकोच न धरता खरी द्या. तपासणीचे यंत्र जेथे अपुरे पडते तेथे दात्याचा खरेपणाच रुग्णाचे रक्षण करतो. आणि वर्गात एखादे मूल अशा रोगाने ग्रासलेले असेल तर त्याच्या शेजारी नि:शंक बसा. शेजारी बसल्याने, डबा वाटून खाल्ल्याने एचआयव्ही लागत नाही. शासनाने आपले देणे फेडावेच. परंतु त्या मुलास आपल्यातून दूर न लोटणे हे देणे आपणा सर्वांचे आहे.